जुन्या बोलेरोवर काढता-घालता येणारं कॅरिअर : कसं करावं, किती वजन टाकावं?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी,

घरी २०१० ची बोलेरो आहे. पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलं तेव्हा नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलंय. इंजिन उत्तम आहे, चेसिस साफ आहे, गाडी विकायचा विचार नाही.

अडचण सामानाची. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि बहीण, म्हणजे सातही सीटा भरतात. मागच्या आडव्या बाकांवर माणसं बसली की बॅगांना जागाच उरत नाही. भंडारदऱ्याला तंबू घेऊन जायचं असतं, दिवाळीत कोकणात. दरवेळी मुलांच्या पायाखाली बॅगा कोंबायच्या आणि बाबांनी मांडीवर पिशवी घेऊन बसायचं, हे आता पुरे.

टपावर कॅरिअर हवंय, पण कायमचं नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वरून पाइप गेलेत आणि रोजच्या कॉलेज रोडच्या फेऱ्यांना ते ओझं विनाकारण कशाला वागवायचं? दोघांनी मिळून दहा-पंधरा मिनिटांत चढवता-उतरवता यावं, छताला एकही भोक पडू नये आणि पावसात सामान कोरडं राहावं, एवढ्या तीन अटी आहेत.

तयार घ्यावं की अंबडच्या औद्योगिक वसाहतीत करून घ्यावं? पेटी बरी की बॅग? ज्यांनी वापरलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पत्राकाम

गोदाकाठी, तुमची गाडी या कामाला चांगली आहे. बोलेरो, सुमो, क्वालिस या जुन्या गाड्यांना छताच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जायची पन्हळ असते. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांवर येऊन स्पॉट वेल्ड होतात, ती ही कड. छताच्या मधल्या पत्र्यावर हात दाबला तर तो डबडबतो, पण ही कड हलत नाही, कारण तिचा भार थेट दरवाज्यांमधल्या खांबांवर उतरतो. म्हणून कॅरिअरचे पाय पन्हळीतच बसले पाहिजेत. पाय पत्र्यावर टेकवून आत दोरी ओवलेली कॅरिअर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

पण कॅरिअरचा विचार करण्याआधी पन्हळ तपासा. गाडी पंधरा वर्षांची आहे. पन्हळीत एक सीलंटची रेघ असते. उन्हाने ती तडकते, तडकलेल्या जागी पाणी शिरतं आणि गंज आतून खात सुटतो. वरून रंग शाबूत दिसतो. पूर्ण लांबीवर बोट फिरवा. रंगाला फोड आलेला लागला तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो, खाल्लेल्या जागी बद्द येतो. फोड खरवडून पाहा. नुसता वरचा गंज असेल तर घासून झिंक प्रायमर, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि मग रंग. पत्रा आरपार गेला असेल तर आधी डेंटरकडे न्या. कुजक्या पन्हळीवर कॅरिअर बसवायला मी कोणालाही होकार देणार नाही.

सह्यवेडी

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त गाडी स्कॉर्पिओ. तिला वरती दोन लांब रेल आहेत, त्यांनाच कॅरिअर बांधलं तर चालेल का?

पत्राकाम

@सह्यवेडी ताई, आधी रेल कशाची आहे ते बघा. टोकाचं प्लास्टिकचं झाकण काढलं की खाली बोल्ट दिसायला हवा आणि रेल धातूची हवी. काही गाड्यांवरच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, चिकटवलेल्या किंवा क्लिपवर बसवलेल्या. रेल धरून गाडी हलवून पाहा, रेल गाडीपासून वेगळी हलली तर तिच्यावर काही बांधू नका. धातूची, बोल्टची असेल तर दोन आडव्या दांड्या घ्या आणि रेलचे पाय जिथे आहेत त्यांच्या जवळात जवळ बसवा. दोन पायांच्या मधोमध दांडी लावली की रेल वाकते.

दिंडोरीकर_बागायतदार

आमच्या भावकीत सुमो आहे, तिला कायमचं लोखंडी कॅरिअर होतं. वर्षानुवर्षं काढलंच नाही. जेव्हा काढलं तेव्हा प्रत्येक पायाखाली पन्हळीचा भुगा. पायाखालचं रबर पाणी धरून बसतं आणि वर माती साचते, वाळायला वावच नाही. तेव्हा भाऊ, काढता येणारं घेताय हे लई चांगलं करताय. पावसाळा संपला की एकदा काढून पन्हळ पुसायचीच.

आणि एक, आमच्याकडे जत्रेला पोरं टपावर बसतात. कॅरिअर लावलं की घरातलीच पोरं हट्ट धरतात. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाही म्हणजे नाही.

कायदेकानू

दिंडोरीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२३ नुसार टपावर, पायरीवर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करायला मनाई आहे आणि तसं बसवून नेणाऱ्यावरही जबाबदारी येते.

आता कॅरिअरचं. कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं, तेव्हापासून तपासणी कडक झाली. कलमातल्या स्पष्टीकरणाचा रोख गाडीच्या रचनेतल्या, मूळ स्वरूप बदलणाऱ्या फेरफारावर आहे. पन्हळीला पकडणारं, भोक न पाडता बसणारं आणि हाताने उतरणारं कॅरिअर आणि छताला वेल्ड केलेला सांगाडा यांत म्हणूनच मोठा फरक आहे. माझा सल्ला असा : भोक नको, वेल्डिंग नको, कॅरिअरवर जादा दिव्यांची माळ नको आणि तपासणीला नेताना कॅरिअर घरी ठेवा. विमा कंपनीला एक ईमेल टाकून कॅरिअर बसवल्याचं कळवा आणि तिचं उत्तर जपून ठेवा.

सामान बाहेर डोकावू देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४(१अ) आलं. बाजूला, पुढे, मागे किंवा परवानगीपेक्षा जास्त उंचीत माल गेला तर २०,००० रुपये दंड आणि तो माल उतरवण्याच्या खर्चाची जबाबदारी. बांबू, शिडी, लांब पाइप नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भौतिकमास्तर

वजनाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. शाळेत शिकवतो, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

छतावर किती वजन चालेल हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक गाड्यांना ते ५० ते १०० किलोच्या दरम्यान दिलेलं आढळतं आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं असतं. हे दुसरं वाक्य कोणी वाचत नाही. आता हिशोब करा. अंबडला कोणालाही कॅरिअर सांगितलं की तो २५×२५ मिमीची, २ मिमी जाडीची लोखंडी चौकोनी नळी घेणार. तिचं वजन मीटरला साधारण १.४४ किलो. दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद चौकट, पाच आडव्या पट्ट्या, वरचं कठडं आणि पाय मिळून अठरा-एकोणीस मीटर नळी सहज लागते. म्हणजे रिकाम्या कॅरिअरचंच वजन २६-२७ किलो! मर्यादा ७५ असेल तर सामानाला उरले ४८. हीच नळी अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर मीटरला अर्धा किलो, सगळं मिळून नऊ-साडेनऊ. चढवताना-उतरवताना कंबरेलाही तेवढाच आराम.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. गाडी १६०० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर धरू. दोन मीटर उंचीवर ६० किलो ठेवले तर गुरुत्वमध्य साधारण ४.७ सेंमी वर सरकतो. ऐकायला कमी वाटतं, पण उंच, अरुंद आणि मऊ स्प्रिंगांच्या गाडीत कसाऱ्याच्या वळणावर ते जाणवतं. गाडी झुकते आणि सरळ व्हायला वेळ घेते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. लोक सामान बांधतात ते वाऱ्याच्या भीतीने. एक मीटर रुंद, ४० सेंमी उंच गाठोड्यावर ताशी ८० किमीला वाऱ्याचा दाब साधारण १२ किलो वजनाइतका, १०० ला १९, १२० ला २७. हा दाब मागे ढकलतो. पण करकचून ब्रेक मारला की ६० किलोचं सामान ४५-५० किलोच्या जोराने *पुढे* निघतं! वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी पुढच्या बाजूने अडवणारा पट्टा कोणी बांधत नाही. गाई रस्त्यात आल्या, ब्रेक लागला आणि बॅग काचेवरून बॉनेटवर आली, असं आपल्याकडे होतं ते त्यामुळेच.

सह्यवेडी

मास्तर, हे भारी समजावलंत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोदाकाठी

मास्तर आणि पत्राकाम, दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी सकाळी पन्हळ तपासली. डाव्या बाजूला, मधल्या खांबाच्या थोडं मागे, तांदळाच्या दाण्याएवढा फोड होता. खरवडला, खाली तपकिरी पावडर, पण त्याखाली पत्रा चकचकीत. पॉलिश पेपर, प्रायमर, सीलंट सगळं करून दोन दिवस सुकू दिलं. बाकी पूर्ण लांबी टणक.

आता अ‍ॅल्युमिनियमचं ठरतंय. पण एक फॅब्रिकेटर म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम तुटतं, लोखंडच घ्या. खरं आहे का?

पत्राकाम

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. साधी अ‍ॅल्युमिनियम सेक्शन बहुतेक ६०६३ ग्रेडची येते, कडक केलेली. आर्गन वेल्डिंग केलं की टाक्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो, ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. खड्ड्यातल्या रोजच्या हादऱ्यांनी तडा तिथेच जातो. म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरिअरला वेल्डच करत नाही. कोपऱ्यात एल आकाराचे जाड तुकडे घालून बोल्ट मारायचे. वेळ जास्त जातो, पण पुढे एखादी पट्टी वाकली तर तेवढीच बदलता येते.

पाय मात्र लोखंडी किंवा स्टेनलेसचे करा, ५ मिमी पट्टीचे. पन्हळीत अडकणारा पंजा निदान ६० मिमी रुंद ठेवा, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. चार नको, सहा पाय. पंजाखाली ३ मिमीचं ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं) रबर घाला. ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यापेक्षा खूप टिकतं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना भिडतात तिथे मधे नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर पावसाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झडायला लागतं. आवळायला एम-८ बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट, म्हणजे एकाच १३ नंबरच्या पान्यावर सगळं काम होतं. बसवल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरला थांबून सगळे नट पुन्हा पाहायचे. रबर दबतं आणि नट सैल वाटतो. हा थांबा चुकवायचा नाही.

रिमझिम_इगतपुरी

पावसाबद्दल मी सांगते, आमच्याकडे त्याची कमतरता नाही.

फायबरची किंवा प्लास्टिकची बंद पेटी सगळ्यांत कोरडी, कुलूप लागतं, वाराही कमी अडवते. पण ती प्रवासानंतर ठेवणार कुठे? बंगला असेल तर घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मऊ बॅग घ्यावी, तिची घडी माळ्यावर जाते. बॅग घेताना आतून शिवण बघा. दोऱ्याने शिवून वरून टेप मारलेली असेल तर टेप सुटते. पीव्हीसी कापड गरम करून एकजीव केलेली जोडणी हवी. चेनवर झाकणारी पट्टी रुंद हवी आणि चेनचं तोंड गाडीच्या *मागच्या* बाजूला यायला हवं. घोटीच्या पुढे जुलैत समोरून येणारा पाऊस चेनमधूनच आत घुसतो. तरीही कपडे, अंथरूण वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बॅगेत ठेवा.

कॅरिअरशिवाय नुसती बॅग टपावर ठेवून पट्टे दरवाज्यांतून आत घ्यायचे, असंही काही जण करतात. भर पावसात पट्ट्यावरून पाणी ओघळत आत येतं आणि सीट भिजतात. कोरड्या दिवसात ठीक आहे.

ताडपत्री वापरणार असाल तर पुढची कड सामानाच्या *खाली* दुमडून घ्या. वरून नुसती सोडली की वारा आत शिरतो आणि ती शिडासारखी फुगते.

दुर्गभ्रमंती_१५

बांधण्याबद्दल. भद्रकालीच्या बाजारात नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, पण ओली झाली की ती ताणते आणि बांधलेलं सैल पडतं. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे पॉलिस्टरचे असतात, ते पावसात फारसे ताणत नाहीत. चार पट्टे पुरतात : दोन आडवे, एक लांबीतून आणि एक मास्तर म्हणाले तसा पुढून अडवणारा. बंजी कॉर्ड (हुकाची ताणणारी रबरी दोरी) ताडपत्रीची कड दाबायला ठीक, वजन रोखायला नाही.

पट्टा वाऱ्याने थरथरून भुर्रर्र आवाज करतो, डोकं उठतं. उपाय सोपा आहे. पट्टा सपाट न ठेवता बांधताना त्याला मधे अर्धा पीळ द्यायचा, आवाज बंद. पुढच्या आडव्या दांडीची शीळ वाजत असेल तर तिच्यावर जाड दोरी सापासारखी गोल गुंडाळा, तीही थांबते.

टपावर काय ठेवायचं यावर आमच्या ग्रुपचा पक्का नियम आहे : मोठं पण हलकं वर, लहान पण जड खाली. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग, घडीच्या खुर्च्या, जाकिटं वर. पाण्याचे कॅन, भांडी, पिठाचे डबे, हत्यारं गाडीत, तेही पुढच्या सीटच्या पाठीला चिकटून. छोटा गॅस, डिझेलचा कॅन टपावर अजिबात नाही.

दिंडोरीकर_बागायतदार

द्राक्षाचे क्रेट? एकेक वीस किलोचा भरतो. तीन ठेवले तर?

भौतिकमास्तर

भाऊ, तीन म्हणजे साठ किलो, आणि तेही एका जागी एकवटलेले. मर्यादेत बसलं तरी मी ठेवणार नाही. क्रेटचा तळ कडक असतो, तो दोनच पट्ट्यांवर टेकतो. मागचा बाक दुमडून आत घ्या.

गोदाकाठी

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. कॅरिअर तयार झालं आणि भंडारदऱ्याला जाऊनही आलो.

अ‍ॅल्युमिनियमची नळी, कोपरे बोल्टचे, सहा स्टेनलेस पाय. कठडं तिन्ही बाजूंना फक्त १० सेंमी उंच, मागची बाजू मोकळी. त्यामुळे बॅग मागून सरकवता येते, डोक्यावर उचलून टाकावी लागत नाही. काट्यावर एकूण ११ किलो भरलं. बायको एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, चहा उकळेपर्यंत चढतं. खाली जुनी चादर टाकून घेतो, म्हणजे छताच्या रंगाला ओरखडा जात नाही.

वर तंबू, मॅट, चार खुर्च्या आणि कपड्यांची बॅग मिळून पस्तीस किलोच्या आत. घोटीला चहाला थांबलो तेव्हा नट पाहिले. डाव्या बाजूचे दोन अर्धा-अर्धा फेरा आवळावे लागले, बाकी जिथल्या तिथे. महामार्गावर ८० च्या वर गेलो नाही. घोटी ओलांडून बारीच्या रस्त्याला लागल्यावर झाडांच्या फांद्या खाली आलेल्या आहेत, तिथे गाडीची नवी उंची डोक्यात ठेवावी लागते. मी ती मोजून कागदावर लिहून सन व्हायजरला लावलीय : २ मीटर ३५.

आणि बाबा मांडीवर पिशवी न घेता, पाय मोकळे सोडून बसले. परतीच्या वाटेवर झोपलेसुद्धा. या एका गोष्टीसाठी सगळा खर्च वसूल झाला असं मला वाटतं.

सह्यवेडी

मस्त! समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर? तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे.

भौतिकमास्तर

मर्यादा १२० ची असली तरी वर सामान असताना तेवढं पळवायची गरज नाही. वर दिलेले आकडे बघा, ८० वरून १२० ला वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो. मोकळ्या माळावरून बाजूने वारा येतो तो वेगळाच. डावी लेन धरून ८०-९० ने जावं. टायरची हवा सकाळी थंड असताना, पूर्ण भाराची जी लिहिली असेल ती भरावी. जुन्या गाडीत टायरची तारीखही बघा, बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

पत्राकाम

गोदाकाठी, काम छान झालंय. स्टेनलेस पायांवर स्टेनलेसचेच नट-बोल्ट असतील तर आवळण्याआधी चुड्यांना थोडं अँटी-सीझ (चुड्या जाम होऊ न देणारं वंगण) किंवा ग्रीस लावा. कोरडे आवळले तर एखाद्या दिवशी जाम होतात, मग कापूनच काढावे लागतात.

चोरीची भीती असेल तर सहापैकी दोन पायांना विशेष डोक्याचे बोल्ट घाला, ज्यांना वेगळी किल्ली लागते. ती किल्ली जॅकच्या पिशवीत ठेवा.

दिंडोरीकर_बागायतदार

गोदाकाठी भाऊ, मापं पाठवा ना. छाटणीच्या आधी मोकळा वेळ आहे, आमच्या सुमोला असंच करून घेतो.

गोदाकाठी

चौकटीची मापं आणि कोपऱ्याच्या जोडणीचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो भाऊ. पण पंजाचं माप माझं घेऊ नका. तुमच्या सुमोच्या पन्हळीत पुठ्ठ्याचा तुकडा घालून तिची खोली आणि ओठाचा वाक कापून घ्या आणि तो पुठ्ठाच फॅब्रिकेटरला द्या. माझ्याकडे बोलेरोतही पुढच्या आणि मागच्या पायाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला होता. आणि माप घ्यायच्या आधी ती जुनी पन्हळ ठोकून बघा.